अठरा मिनिटांची पाहणी

रकाना १ : जागा

मेलेल्या माणसाचा अहवाल शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बांधकाम परवान्यांच्या कचेरीत दाखल झाला. माणूस सकाळीच गेला होता.

यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. श्रीपेरुंबुदूरच्या पलीकडे, सेंगाल गावच्या तलावाकाठी फोनला रेंज नसते. पाहणी अधिकारी जागेवर टॅबलेटमध्ये अहवाल भरतो आणि टॅबलेट कचेरीच्या भिंतींत परत आला की अहवाल आपसूक वर चढतो. नारायणस्वामींचा टॅबलेट पोलिसांनी त्यांच्या पिशवीसकट पाच वाजता उपसंचालकांच्या हाती आणून दिला होता. पिशवी बांधावर कोरडी सापडली, आत पेपर आणि बसचं तिकीट. नारायणस्वामी सापडले ते तलावाचं पाणी सोडायच्या मोरीच्या विहिरीत, पावणेबारा वाजता. पाणी छातीइतकंही नव्हतं. कपाळावर दगडाची खोक होती. पाय घसरला, असं पोलिसांनी लिहिलं.

लोक मात्र निराळंच बोलत होते. कारण अहवालाच्या तळाशी लिहिलं होतं: परवानगी द्यावी.

सोमवारी सकाळी नोंदणी विभागात विद्युलताबाईंच्या टेबलासमोर नारायणस्वामींची मुलगी रंजनी येऊन बसली. बाई चार महिन्यांनी निवृत्त व्हायच्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी फायलींवर आकडे टाकले होते, आणि त्यातली सव्वीस वर्षं त्या आकड्यांच्या समोर नारायणस्वामींची सही होती. दोघंही तंजावूरच्या मराठी घरांतली.

"अक्का, तुम्ही वाचलांत तें?" रंजनीला मराठीपेक्षा तमिळ सोपं जायचं, पण बाईंशी ती घरचंच बोलली. "अप्पांनी खाल्लं म्हणतात. मग मन खायला लागलं म्हणून उडी टाकिली म्हणतात. घरीं कोणी बसायला येईना की. काल सबंध दिवसांत चौघं आले. त्यांत एक पेपरवाला."

"उद्यां ऑर्डर निघणार आहे त्या शेडची," बाई म्हणाल्या.

"निघाली म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या अप्पांचाच अहवाल खरा ठरला."

रंजनी उठली. दारापाशी थांबून म्हणाली, "मग उद्यांपर्यंत वेळ आहे, नाही का?"

ती विनवणी नव्हती. हिशेब विचारल्यासारखं विचारलं तिनं, आणि उत्तराची वाट न बघता गेली.

रकाना २ : प्रयोजन

बाईंनी फाइल उघडली.

सेंगालचा तलाव, त्याच्या पोटातली गवताळ जमीन आणि वरचा ओढा हा सगळा राखीव पट्टा. तिथे घर नाही, गोदाम नाही, कुंपणाची भिंतसुद्धा नाही. मुभा एकच: शेतीची यंत्रं ठेवायला शेड. अर्ज तेवढ्यासाठीच होता. अर्जदार देवेश, मूळचा नाशिककडचा, वाहनांच्या सुट्या भागांचा धंदा. दोन कापणी यंत्रं, सहा ट्रॅक्टर, एक शेड. नकाशा काढणारा वेंकट, परवानाधारक आरेखक.

बाई आरेखक नव्हत्या, पण एकतीस वर्षांत नकाशा वाचता येतो. शेडची जमीन बाहेरच्या मातीपासून चार फूट उंच दाखवली होती. उतार कुठेच नाही. लोखंडी कड असलेला सरळ ओटा. ट्रकची पाठ बरोबर येऊन टेकेल एवढा, गोदामाला असतो तसा.

'ट्रॅक्टर काय उडी मारून चढणार?' बाई स्वतःशीच म्हणाल्या.

हे नारायणस्वामींना दिसलं नसेल? जो माणूस संडासाची खिडकी सहा इंच सरकली तरी प्रकरण परत पाठवायचा, त्याला?

"विद्युलता मॅडम." दारात उपसंचालक उभे होते, श्रीनिधी. सात आठवड्यांपूर्वी कोइंबतूरहून बदलून आलेले, चाळिशीचे, नीटनेटके. कचेरीत कोणालाच ठाऊक नव्हतं की हा बाईंच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. ते बाईंनीच ठरवलं होतं: कचेरीत मॅडम आणि सर, घरी मावशी आणि निधी, आणि घरी कचेरीचा विषय नाही. "सेंगालची फाइल उद्या माझ्याकडे. मुदत उद्या संपते."

"किती वाजतां आणू, सर? तीनला?"

"साडेचारला आणा. ऑर्डर पाचच्या आत निघाली म्हणजे झालं." त्यांनी सुस्कारा टाकला. "वाईट झालं हो. मला त्यांना ओळखायला वेळच मिळाला नाही."

रकाना ३ : हजर व्यक्ती

दुपारी अर्धी रजा टाकून बाई बसनं सेंगालला गेल्या.

थांब्यासमोर लावण्याची चहाची टपरी. नारायणस्वामींचं नाव काढताच तिनं पदर डोळ्यांना लावला.

"दहा वाजून पाचच्या बसनं उतरले, अम्मा. ह्याच बाकड्यावर बसले. दोन चहा घेतले. पेपर सगळा वाचला, शेवटच्या पानापर्यंत. मी म्हटलं, सर, अजून एक? तर घड्याळ बघितलं, हसले आणि उठले. ते शेवटचं."

"सोबत कोणी होतं?"

"तलावाच्या बांधावर एक पांढरी गाडी दिसली होती मागनं. इथं पांढऱ्या गाड्या काय कमी आहेत? रोज कोणीतरी जमीन बघायला येतो."

जागेवर देवेश भेटला. उंच गवतात चुन्याच्या रेघा मारून ठेवलेल्या, मध्ये एक खड्डा, खड्ड्याशेजारी वाळलेला हार. मराठी ऐकून त्याचा चेहरा उजळला.

"काकू, तुम्ही मराठी? अरे वा. इथं कुणाशी बोलायचं म्हणजे हातवारे करायचे." मग त्याला आठवलं आणि तो ओशाळला. "सॉरी. ते साहेब... मीच पहिल्यांदा धावलो. म्हणजे ओरडा झाला तेव्हा. पिशवी मी उचलली होती. वेंकटनं घेतली माझ्याकडून."

"त्याआधीं कुठें होतांत?"

"इथंच! भूमिपूजन होतं ना. अकराचं ठरवलं होतं मी. सगळं आणलं, नारळ, मिठाई. आणि भटजी येऊन नुसता बसून राहिला झाडाखाली. मजूर कुदळीला हात लावेनात. म्हणे बारापर्यंत राहू. मी म्हटलं, कोण राहू? कुठला साहेब आहे हा? काय असतं हो ते नक्की?"

बाईंना त्या उजाड जागीही हसू आलं. राहुकाळ! रोजचा दीड तास, वारागणिक निराळा. शुक्रवारी साडेदहा ते बारा. त्या वेळात या मुलखात कोणी नवं काम आरंभत नाही, मुलगी बघायला जात नाही, कागदाला पेन लावत नाही.

"तुमच्या शेडमध्ये ट्रॅक्टर चढणार कसा?" त्यांनी सहज विचारलं.

देवेशनं चुन्याच्या रेघांकडे पाहिलं. "ते वेंकटला विचारा," तो म्हणाला, आणि त्यानंतर त्यानं एकदाही काकू म्हटलं नाही.

वेंकट बांधाच्या सावलीत बसला होता. पन्नाशीचा, पान खाणारा, तोंडाळ. तो तमिळमध्ये बोलला.

"अम्मा, पिशवी माझ्याकडे होती, अर्धा तास. टॅबलेटच्या पाठीवर त्यानं गुप्त आकडा कागदावर लिहून चिकटवला होता, तोही मी पाहिला. विचारायच्या आधीच सांगतो. पण मी काही केलं नाही. पंधरा वर्षं त्या माणसानं मला रडवलंय. माझ्या साइटवर आला की नेमका राहुकाळात! मालक जागेवर नाही, मजूर हात लावत नाहीत, देवापुढे दिवा लावून बसावं अशा वेळी हा फीत घेऊन हजर. मी एकदा विचारलं, का हो सर, राहूशी नातं आहे का? म्हणाला, 'वेंकट, ह्या वेळात कोणी मला नारळपाणी द्यायला येत नाही, कोणी पाकीट काढत नाही. तुमच्या राहूएवढा प्रामाणिक शिपाई सरकारनं मला दिला नाही.'" वेंकट थुंकला. मग डोळे पुसले. "हरामखोर. चांगला माणूस होता."

रकाना ४ : वेळ

*पाहणी सुरू : १०.१०*
*पाहणी समाप्त : १०.२८*

परतीच्या बसमध्ये बाई ह्या दोन ओळींकडे बघत होत्या. श्रीपेरुंबुदूरला कंपन्यांच्या बसगाड्यांमागे त्यांची बस अडकली. पुढच्या गाडीत गणवेशातली पोरं काचेला डोकं टेकून झोपली होती. बाई बघतच होत्या.

पाच एकर जागा. चारही बाजूंनी फीत, ओढ्यापासूनचं अंतर, पाण्याची पातळी, फोटो. अठरा मिनिटांत?

आणि दहा-पाचला उतरलेला माणूस, दोन चहा आणि शेवटच्या पानापर्यंत पेपर, दहा-दहाला जागेवर?

ह्या वेळा खोट्या होत्या, एवढं लगेच ठरलं. पण बाई एवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. कचेरीत सहा वाजता सगळे गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि नारायणस्वामींचे जुने अहवाल काढले. मंगळवार, सुरू ३.००. बुधवार, सुरू १२.००. गुरुवार, सुरू १.३०. शनिवार, सुरू ९.००. दोनशेबारा अहवाल पाहिले. एकही राहुकाळाबाहेर सुरू झालेला नव्हता. कचेरीतली जुनी माणसं पाठीमागे त्यांना राहूसाहेब म्हणत. बाईंनीही म्हटलं होतं.

शुक्रवारी ते बाकड्यावर साडेदहा वाजायची वाट बघत बसले होते.

मग कोणी तरी त्यांच्या नावानं लिहिलं. ज्यानं लिहिलं त्याच्या हातात पिशवीतलं बसचं तिकीट होतं, म्हणून दहा-पाचच्या आधीची वेळ त्याला घालता येईना. पावणेबाराला प्रेत सापडलेलं, म्हणून त्यानंतरचीही नाही. मधे जवळजवळ पावणेदोन तास मोकळे होते. पाच एकरांना ते शोभलेही असते. त्यातली पहिली पंचवीस मिनिटंच त्यानं का वापरली? साडेदहाला दोन मिनिटं असताना पाहणी का आवरली?

बाईंनी डोळे मिटले.

लिहिणाऱ्याला राहुकाळ ओलांडवला नाही. खोट्या कागदावर, मेलेल्या माणसाच्या नावानं, तरीही ओलांडवला नाही. मनात घड्याळ असं बसलेलं की बोट आपोआप मागे आलं.

देवेश? त्याला राहू हा साहेब वाटतो. त्यानं बेलाशक साडेअकरा लिहिले असते.

वेंकट? त्याला पंधरा वर्षं ठाऊक होतं की हा माणूस राहुकाळातच येतो. त्यानं साडेदहालाच सुरुवात दाखवली असती.

म्हणजे राहुकाळ मनापासून पाळणारा, पण नारायणस्वामींची खोड ठाऊक नसलेला. कचेरीत नवा. पिशवी हातात आलेला.

साडेचारला आणा.

मंगळवारचा राहुकाळ तीन ते साडेचार.

बाईंनी कपाट बंद केलं. किल्ली पिशवीत टाकली आणि त्या तांबरमला निघाल्या.

रकाना ५ : पाण्याची पातळी

तांबरमला बहिणीच्या घरी त्या पोचल्या तेव्हा सरोजाक्का तुळशीपुढच्या दिव्यात तेल घालत होती. श्रीनिधी घरी नव्हता. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, खाली बारीक अक्षरांत राहुकाळ छापलेला. त्याच्याखाली भिंतीवर पेन्सिलीची एक फिकट खूण. निधी पाच वर्षांचा असताना एवढा उंच होता. त्याला अजून घड्याळ वाचता येत नव्हतं, तेव्हा बाईंनीच खांद्यावर घेऊन त्याला हे पान वाचायला शिकवलं होतं. "आधीं हें पाहायचं, मग पाऊल टाकायचं, सरि?" तो मान डोलवायचा.

"तो मेलेला माणूस तुमच्याच सेक्शनचा की काय ग?" अक्कानं कॉफी पुढे केली. "निधीनं फार मनाला लावून घेतलंय. जेवत नाही."

"तुजला केव्हां सांगितलंन त्यानं?"

"शुक्रवारींच की. दुपारीं बारा वाजतां आला. आंत येईना. परसात उभा राहून हाक मारिली, 'अम्मा, शिवूं नको, पाणी टाक. ऑफिसांत एकजण गेले.' मी बंब पेटविला. कपड्यांसकट न्हाला बिचारा. हल्लीं कोण पाळतं एवढं? पण माझा मुलगा पाळतो हं."

बाईंच्या हातातला पेला हलला नाही. फक्त कॉफीवर साय धरली.

"बारा वाजतां? नक्की?"

"मग! मशिदींतली बांग व्हायची होती, भात शिजायचा होता. बाराच."

प्रेत पावणेबाराला सापडलं. सेंगालहून तांबरम गाडीनं तासाचं अंतर. आणि कचेरीत पोलिसांचा फोन आला तो दीड वाजता. तो बाईंनी स्वतः घेतला होता.

"तो शुक्रवारीं सकाळीं कुठें गेलता?"

"जागा पाहायला. तळ्याकाठीं एक प्लॉट घेतोय माझ्या नांवानं. शेड झाली की मागनं रस्ता होतो म्हणे, मग सगळं खुलं होतं. म्हणतो, अम्मा, तुजला झोपाळा टाकीन, बगळे पाहत बैस." अक्का हसली. "मजला कशाला बगळे ह्या वयांत? पण म्हटलं, मुलाचं मन."

बाईंनी कॉफी संपवली. साय जिभेला चिकटली. अक्काच्या पाया पडून त्या निघाल्या.

"अग, आज काय सण आहे पाया पडायला?"

रकाना ६ : शिफारस

मंगळवारी तीन वाजून पाच मिनिटांनी बाईंनी फाइल साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"मी साडेचार म्हटलं होतं, मॅडम."

"तयार आहे, सर. सही करून टाका."

"ठेवा. बघतो नंतर."

"आत्तां करा."

श्रीनिधीनं वर पाहिलं. पेन हातात होतं. टोपण काढायला अंगठा गेला आणि तिथेच राहिला. बाई त्या अंगठ्याकडे बघत होत्या. पंख्याखाली फाइलीचं वरचं पान उठत होतं, बसत होतं.

"उघडत नाही ना?" त्या म्हणाल्या. "शुक्रवारींही उघडलं नाही. दहा अठ्ठावीसला आवरलंस, निधी."

त्यानं पेन खाली ठेवलं. आधी तो साहेबासारखा बोलला: नेटवर्क, पोलीस पंचनामा, बाईंचं वय. बाईंनी सगळं ऐकलं. मग एकेक करून सांगितलं. दोन चहा आणि पेपर. दोनशेबारा अहवाल. देवेशचं भूमिपूजन. वेंकटचा राहू. चार फुटांचा ओटा. शेवटी परसातलं न्हाणं.

न्हाणं ऐकल्यावर साहेब संपला.

"अम्मानं सांगितलं?"

"कौतुक करीत होती तुझं."

त्यानं फाइलीचं उडणारं पान तळहातानं दाबून धरलं. मग म्हणाला, "मी नुसतं बोलायला गेलों होतों, मावशी. साडेदहाच्या आंत उरकायचं होतं, तेच उशिरा आले. म्हटलं, वरनं शब्द गेलाय, मी वचन दिलंय, तुम्ही फक्त मान हलवा. ते हसले. म्हणाले, 'सर, तुम्हीही आजच्या दिवसांत ह्या वेळीं बाहेर पडलांत? कमाल आहे.' आणि फीत धरायला सांगितली मला. मला! शिपायासारखं. मी ढकललं. जोरानं नाही. मागें मोरीची विहीर आहे हें मजला..."

"दिसलं नाही?"

"दिसलं."

बाहेर कोणी तरी चहाच्या पेल्यांचा खुळखुळाट करत गेलं.

"पाणी फार नव्हतं," श्रीनिधी म्हणाला. "हात वर होता त्यांचा. धरला असता तर आले असते."

"मग?"

"मग मी घड्याळ पाहिलं, मावशी. दहा पन्नास. मनांत आलं, ह्या वेळीं झालेलं कांही सरळ होणार नाही. आतां धरला तर सगळं सांगतील, आणि... हात खालीं गेला."

बाई खुर्चीत बसल्या. इतका वेळ त्या उभ्याच होत्या. ह्या पोराला त्यांनी कॅलेंडरचं पान वाचायला शिकवलं. कुठल्या वेळी पाऊल टाकू नये ते शिकवलं. न्हाल्याशिवाय उंबरा ओलांडू नये तेही त्यांच्याच घरानं शिकवलं. पोरानं सगळं पाळलं. माणूस बुडत असताना हात द्यावा, हे कोणत्याही पानावर छापलेलं नव्हतं. ते त्याला आपसूक येईल असं सगळे धरून चालले होते.

रकाना ७ : सही

फाइलीच्या टिपणीच्या पानावर विद्युलताबाईंनी लिहायला सुरुवात केली. अक्षर नेहमीचं, गोल, तिरकं न होणारं.

*सदर अहवाल श्री. नारायणस्वामी यांनी लिहिलेला नाही. कारणे खालीलप्रमाणे.*

कारणांना दीड पान लागलं. शेवटी त्यांनी लिहिलं: *प्रस्तावित शेड यंत्रांसाठी नाही. परवानगी देऊ नये.* हे वाक्य त्यांच्या अधिकारात बसत नव्हतं. ते नारायणस्वामींचं वाक्य होतं. त्यांनी फक्त पोचतं केलं.

श्रीनिधी समोर बसून होता. पळाला नाही, फाइल हिसकावली नाही. बाईंनी टेबलावरचा फोन ओढला तेव्हा मात्र त्यानं त्यांचं मनगट धरलं. पाच वर्षांच्या मुलासारखं.

"मावशी, बोलाव. मी नाही म्हणत नाही. पण साडेचार होऊं दे. चाळीस मिनिटांनीं काय होतं? अशा वेळीं पोलीस दारांत आले तर पुढें कांही... अम्मासाठीं. एवढंच."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन पन्नास. आयुष्यात ह्या वेळी त्यांनी दुधाचं भांडंसुद्धा नवीन काढलं नव्हतं. तांबरमला अक्का आता दुपारची उठून मुलासाठी कॉफीचं आधण ठेवत असेल. आणि सेंगालच्या बाकड्यावर एक माणूस पेपर घडी करून, घड्याळ बघून, हसून उठत असेल.

त्यांनी मनगट सोडवून घेतलं. आधी पोलिसांना फोन लावला, मग रंजनीला. रंजनीला एवढंच म्हणाल्या, "अप्पांनी लिहिलं नव्हतं तें. ये. फायलींत आहे, वाचून जा."

मग टिपणीखाली सही केली आणि सहीशेजारी, नारायणस्वामी घालत तशी, वेळ घातली:

*सुरू ३.०५. समाप्त ३.५२.*